कळ आणि अक्षर यांच्यामध्ये



या परिषदेसाठी ज्या शहरात आपण जमलो आहोत त्याच्या नावापासूनच सुरुवात करतो. ‘रत्नागिरी’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात: र, त्ना, गि, री. युनिकोडच्या हिशेबात तीच ९ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना २७ बाइट लागतात. अक्षरसमूहाची सीमा कुठे धरायची, याचा युनिकोडचा नियमही २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत बदलला. त्याआधी ‘त्’ आणि ‘ना’ वेगळे मोजले जात, म्हणून हे नाव पाच घटकांचे ठरत असे. आता ते चारांचे ठरते. एका शब्दाच्या लांबीची इतकी उत्तरे असताना, तो शब्द कळफलकावरून पडद्यापर्यंत पोहोचेपर्यंत प्रोग्रॅममध्ये नेमके काय काय घडते, हे आपण किती बारकाईने पाहतो?

खिडक्या आणि बटणांच्या प्रोग्रॅममधले सर्वांत चिवट बग एका समजुतीतून जन्मतात, असे माझे मत आहे. वापरणाऱ्याने एक कृती केली की एकच घटना घडते, ती लगेच घडते आणि आपण मनात धरलेल्या क्रमानेच घडते, ही ती समजूत. मराठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत तिचे तिन्ही भाग खोटे ठरतात. म्हणून अशा प्रोग्रॅममधला बग शोधताना पहिले काम घटनांची वेळेसह नोंद ठेवून ती वाचण्याचे असायला हवे. प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकावणे हे त्यानंतरचे.

इनस्क्रिप्ट कळफलक घ्या. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो प्रमाण म्हणून ठरवला. त्यात शिफ्टसह ७ ची कळ दाबली की ‘क्ष’ उमटतो. बोट एकदाच खाली गेले, पण मजकुरात क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आली. विंडोजवर कळ दाबल्याचा संदेश एक येतो आणि त्याच्यामागून चिन्हांचे तीन. जो प्रोग्रॅम कळा मोजून नावाची लांबी ठरवतो, त्याचा हिशेब इथेच बिघडतो. बॅकस्पेसचेही तसेच आहे. बहुतेक ठिकाणी ती मागचे एकच चिन्ह पुसते, तर डिलीट पुढचा अख्खा अक्षरसमूह उडवते. त्यामुळे ‘एक कळ, एक अक्षर’ असे मानून कर्सर हलवणारा प्रोग्रॅम जोडाक्षराच्या मधोमध अडकतो. ‘नावात फक्त अक्षरे चालतील’ अशी तपासणी जोडली की गोंधळ आणखी वाढतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरे नाहीत, ती वेगळ्या वर्गातली चिन्हे आहेत. त्या तपासणीतून ‘रत्नागिरी’ सुटले तर र, त, न, ग, र एवढेच हाती उरते.

उच्चारानुसार रोमन कळांनी मराठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न याहून खोल आहे. तिथे मजकूर आधी कच्चा तयार होतो, खाली पर्याय दिसतात, आणि स्पेस किंवा एंटर दाबल्यावर तो पक्का होतो. ब्राउझरमध्ये या कच्च्या अवस्थेच्या, म्हणजे रचनेच्या, आरंभाची, बदलाची आणि समाप्तीची घटना वेगवेगळी येते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये पडद्यावरच्या कळफलकातून आलेल्या बहुतेक कळांचा क्रमांक सरसकट २२९ मिळतो. कोणती कळ दाबली ते त्यातून समजतच नाही. सफारीमध्ये समाप्तीची घटना एंटरच्या कळघटनेआधी येते. त्यामुळे ‘रचना चालू असताना एंटर मानू नका’ अशी अट घातलेली असली तरी निरोप अर्धवट निघून जातो. वापरणाऱ्याला फक्त पर्याय निवडायचा असतो, आणि प्रोग्रॅम पत्र पाठवून मोकळा होतो.

या जातीचा एक बग जरा उलगडून पाहू. समजा, नावाच्या चौकटीत मजकूर बदलला की हँडलर तो स्वच्छ करतो, जादा मोकळ्या जागा काढतो आणि परत चौकटीत ठेवतो. इंग्रजीत हे बिनबोभाट चालते. मराठीत मात्र शब्द अजून कच्चा असतानाच हँडलर त्याला हात लावतो. रचना मोडते, कळफलक आणि चौकट यांची फारकत होते, आणि कधी अक्षर गळते तर कधी दुप्पट होते. आता प्रोग्रॅमर हँडलरमध्ये ब्रेकपॉइंट लावतो. प्रोग्रॅम थांबताच फोकस डीबगरकडे जातो आणि फोकस हलला की कच्चा शब्द आपोआप पक्का होतो. पुढे सगळे सुरळीत दिसते. पाहण्याच्या कृतीनेच पाहायची गोष्ट नाहीशी झाली. मग प्रोग्रॅमर वैतागून १०० मिलिसेकंद थांबण्याची ओळ घालतो. त्याच्या यंत्रावर बग दिसेनासा होतो आणि स्वस्त फोनवर तो तसाच राहतो. अशी ओळ बगला फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवते, आणि आपल्या व्यवसायात तिला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही.

वेळेकडे केलेले दुर्लक्ष किती महागात पडते, याचा दाखला थेराक-२५ या किरणोपचार यंत्राच्या इतिहासात आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली जे घडले, त्याचे मूळ कळफलकाशी होते. चालकाने चुकीचा उपचारप्रकार भरला, कर्सर वर नेऊन तो झटपट दुरुस्त केला, आणि चुंबके जागेवर येण्याच्या सुमारे ८ सेकंदांत झालेली ती दुरुस्ती प्रोग्रॅमच्या लक्षातच आली नाही. पडद्यावर बरोबर माहिती होती, यंत्र आतून वेगळ्याच अवस्थेत होते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना तिथल्या पहिल्या अपघातानंतर बिघाड पुन्हा घडवता आला नाही. रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि चालकाने मिळून तो घडवून दाखवला, कारण माहिती भरण्याचा वेग हाच कळीचा मुद्दा आहे हे त्यांना उमगले. तात्पुरता उपाय म्हणून कंपनीने कर्सर वर नेणारी कळच काढून टाकायला सांगितली. त्या हतबल उपायाचा सौम्य अवतार आपण रोज पाहतो: मराठीत बग आला की ‘कृपया इंग्रजीत भरा’ अशी सूचना लावली जाते.

यंत्रासाठी लिपीला मुरड घालण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे, आणि या शहराशी त्याचे नाते आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या घटवण्याचे काम हाती घेतले. १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी अि, अी अशी ‘अ’ ची बाराखडी पुढे मांडली. धातूचा खिळा वाकत नव्हता, तेव्हा त्या खटपटीला कारण होते. आपला खिळा म्हणजे प्रोग्रॅम, आणि तो वाकवणे आपल्याच हातात आहे.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की हे सगळे फ्रेमवर्क सांभाळते. फ्रेमवर्क घटना आपल्यापर्यंत पोहोचवते, पण एंटरचा अर्थ ‘शब्द पक्का करा’ की ‘पाठवा’, हे आपल्या प्रोग्रॅमलाच ठरवावे लागते. दुसरा आक्षेप स्वयंचलित चाचण्यांचा. त्यांतल्या बहुतेक तयार मजकूर चौकटीत घालतात. कच्ची अवस्था त्यांत येतच नाही, मग त्या उत्तीर्ण झाल्याचे समाधान कशासाठी? खऱ्या फोनवर, खऱ्या मराठी कळफलकाने, सावकाश आणि घाईने अशा दोन्ही वेगांत तपासण्याला पर्याय नाही. साधनेही हाताशी आहेत: लिनक्सवर एक्सईव्ही, विंडोजवर स्पाय++, ब्राउझरमध्ये मॉनिटरइव्हेंट्स. त्यांनी मिळालेली दोन यंत्रांवरची नोंद शेजारी शेजारी ठेवली की क्रम कुठे फिरला ती ओळ बोट ठेवून दाखवता येते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कळांची नोंद ठेवणे म्हणजे लोकांचे पासवर्ड, नावे, खाजगी मजकूर टिपणे नव्हे का? बेफिकिरीने केले तर तेच होईल. पण क्रमाचा बग शोधायला अक्षर लागत नाही. घटनेचा प्रकार, तिची वेळ, ती कोणत्या चौकटीची, मजकुराची लांबी आधी किती आणि नंतर किती, रचना चालू होती की नव्हती, एवढे पुरते. ‘रत्नागिरी’ लिहिताना लांबी आठवरून नवावर जाण्याऐवजी सतरावर गेली, हे नोंदीत दिसले की शब्द न वाचताही कळते: आठ चिन्हे दुसऱ्यांदा घातली गेली आहेत, आणि ज्या घटनेनंतर ती आली तिचा हँडलर उघडायचा आहे.