मुलाच्या मौनाला सहनशीलता समजू नका



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात एका दिवसात पुष्कळ गोष्टी बदलतात. देव्हारा जातो, नवस जातात, जुने विधी जातात. परंतु दुसऱ्या दिवशी त्या घरचे मूल दप्तर घेऊन जाते ते त्याच शाळेत आणि बसते त्याच बाकावर. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर जे बोलण्याचे गाव टाळते, ते गावाची मुले त्याला मधल्या सुट्टीत ऐकवितात. 'प्रसाद का घेत नाहीस?' 'तुमची खरी जात कोणती?' शिष्यवृत्तीची नावे वर्गात वाचली की मागच्या बाकावरून हसणे उमटते. धर्मांतराचा निर्णय आपण घेतला. त्याची किंमत पुष्कळदा आपले मूल एकटेच मोजीत असते.

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली भागात याला आणखी एक जोड आहे. येथे मुलाची बोली झाडीबोली असते, माडिया असते, गोंडी असते. ते शहरातील शाळेत किंवा वसतिगृहात गेले की त्याच्या उच्चारांची नक्कल होते. आश्रमशाळेतील मूल तर रात्रीही घरी परतू शकत नाही. ज्याने दिवसा छळले, त्याच्याच शेजारी त्याला झोपावे लागते.

अशा वेळी मूल घरी येऊन काही बोलले, तर आपण त्याला काय सांगतो? 'बाबासाहेबांनी किती सोसले! तूही सोस, अभ्यास कर, मोठा हो.' हे वाक्य आपण श्रद्धेने उच्चारतो. तरीही मला स्पष्ट म्हणावयाचे आहे की, हे वाक्य मुलाचे तोंड बंद करते आणि बाबासाहेबांच्या जीवनाचा विपरीत अर्थ लावते.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळे बसावे लागे व बसण्याचे गोणपाट घरून न्यावे लागे. शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. 1901 साली, वयाच्या नवव्या वर्षी, वडिलांना भेटावयास जाताना वाटेत पाण्यावाचून जो प्रवास घडला, तो त्यांनी पुढे चाळिशी उलटल्यावर आपल्या आठवणींत सविस्तर लिहून ठेवला. एवढा विद्वान, एवढा कर्तृत्ववान पुरुष. तरी नवव्या वर्षीचा घाव त्याच्या मनातून गेला नव्हता! तो त्यांनी लपविला नाही, शब्दांत मांडला. आणि 26 जानेवारी 1950 पासून अंमलात आलेल्या संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. आपल्या मुलांना पुन्हा सोसावे लागू नये, हाच त्या जीवनाचा बोध होय.

म्हणून प्रथम मुलाकडे पाहावयास शिका. शाळेच्या वेळेसच नेमके पोट दुखणे, झोप उडणे, जेवण कमी होणे, मित्र सुटणे, वह्या फाटलेल्या आढळणे, सुट्टी संपताच वसतिगृहात जाण्यास नकार देणे, या खुणांना आळस किंवा नाटक म्हणू नका. रागावण्यापूर्वी शांतपणे विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत उपदेश करू नका.

'मला जगावेसे वाटत नाही' असे मूल म्हणाले, तर ते बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नका. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका. शेतावरची कीटकनाशके कुलपात ठेवा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य असून तेथे केव्हाही मराठीत बोलता येते. मुलांच्या साहाय्यासाठी 1098 हा क्रमांक आहे. सरकारी रुग्णालयात मनाच्या दुखण्यासाठी जाण्यात कमीपणा नाही. ताप आल्यावर आपण जातोच ना?

दुसरे काम शाळेतले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. ती जागा रिकामी सोडू नका. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले आहेत की, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि जातीवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे नोंदविण्याची सोय असावी. हे निर्देश शाळा व वसतिगृहे या दोघांनाही लागू आहेत. तेव्हा तोंडी विनवणी करून परत येऊ नका. काय घडले, कोणत्या दिवशी घडले, हे लिहून मुख्याध्यापकांस द्या आणि पोच घ्या. मात्र मुलाला न विचारता काही करू नका; तक्रारीनंतर पुन्हा त्याच वर्गात त्यालाच बसावयाचे असते.

एक गोष्ट आपल्या घराविषयीही बोलली पाहिजे. भामरागड-एटापल्लीहून आलेल्या माडिया मुलाला आपलेच मूल 'जंगली' म्हणून हिणवीत असेल, तर आपण काय करतो? सम्यक वाचेत कठोर वचन वर्ज्य आहे. जी शिवी आपल्या मुलाला टोचते, ती आपल्या मुलाच्या तोंडूनही निघता कामा नये. छळणाऱ्या मुलालाही मारून नव्हे, समजावूनच सुधारावयाचे आहे.

आज रात्री जेवताना मुलाला गुण किती पडले हे विचारू नका. मधल्या सुट्टीत तू कोणाबरोबर बसलास, हे विचारा. उत्तर यावयास वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबा.

जय भीम!