सरकारी नोकराची नवी शाळा
(बाग सेवनिया येथे महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मादाय संस्थेच्या महोत्सवात सरकारी प्रशिक्षणाचे पुराण कशासाठी, असे कोणाच्याही मनात येईल. माझ्याही आले. परंतु या सभागृहावरून नुसती नजर फिरवली तरी उत्तर मिळते. शेजारी एम्स, पलीकडे बरकतउल्ला विद्यापीठ, त्याहून पलीकडे भेलची वसाहत. सरकारचा पगार ज्या घरात कधीच आला नाही असे घर आपल्यात शोधावे लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे बिऱ्हाड उचलून इकडे आली. माझे वडील त्यांतलेच एक कारकून. घरात मराठी, फायलीत इंग्रजी, अशी त्यांची सवय. १९५७ च्या राजभाषा कायद्यानंतर हळूहळू हिंदीत टिप्पणी लिहायची वेळ आली. ती त्यांना कोणत्या वर्गात शिकवली गेली नाही. शेजारच्या टेबलावरचे सहकारी त्यांची चूक खोडत आणि वर दुरुस्ती लिहीत. वडील ते खोडलेले कागद घरी आणून रात्री पुन्हा वाचत.

आता आमच्या काळाकडे येतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन कर्मयोगी मंजूर केले. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी आणि पाच वर्षांसाठी ५१० कोटी ८६ लाख रुपये, असा तो हिशेब होता. 'आय-गॉट कर्मयोगी' नावाचे दालन इंटरनेटवर असते. तेथे धड्याचे चित्रफीतरूपी तुकडे पाहावयाचे, शेवटी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र घ्यावयाचे. हे सारे खिशातल्या मोबाइलवर. टपाल खात्याने २०२२ मध्ये 'डाक कर्मयोगी' नावाने असेच आपले स्वतंत्र दालन उघडले. त्यात खेड्यातले ग्रामीण डाक सेवकही आले.

ही गोष्ट मला मनापासून चांगली वाटते. आमच्या वेळी प्रशिक्षणाला जायचे म्हणजे नाव वर जायचे, जागा मोजक्या, आणि बहुधा साहेबांचीच वर्णी लागायची. कारकुनाचा नंबर क्वचित, शिपायाचा तर नाहीच. आज शिपायाला जो धडा उघडता येतो तोच सचिवालाही उघडता येतो. हे लहान नव्हे.

पण आता माझाच दोष सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्मयोगी सप्ताह झाला. प्रत्येकाने निदान चार तास शिकावे अशी अपेक्षा होती. आमच्या कार्यालयात (नाव कशाला घ्या!) कोणाचे किती तास झाले याची विचारपूस रोज होऊ लागली. मी निवृत्तीला आलेला; मोबाइलशी माझे सख्य बेताचे. मी सरळ पुतण्याला म्हटले, "बाळ, एवढे करून टाक रे." त्याने जेवता जेवता चित्रफिती चालू सोडल्या, प्रश्नांवर बोट ठेवले, आणि दोन संध्याकाळीत माझ्या नावावर सहा प्रमाणपत्रे जमा झाली. साहेबांनी अभिनंदन केले. मीही ते घेतले.

त्यांतले एक प्रमाणपत्र कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा छळ होऊ नये यासाठीच्या कायद्याचे होते. महिनाभराने आमच्याकडची एक तरुण मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची, जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलापाशी आली. फार वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही तो कोर्स केला आहे ना? तक्रार कोणाकडे द्यायची असते?"

मला सांगता आले नाही. "विचारून सांगतो," म्हणालो. तिने मान हलवली आणि निघून गेली.

त्या रात्री मी तो धडा पहिल्यापासून स्वतः पाहिला. २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्षा वरिष्ठ स्त्रीच असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार तीन महिन्यांच्या आत. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सारे त्यात होते, साध्या भाषेत. दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षाबाईंचे नाव चिठ्ठीवर लिहून मी तिला दिले. ती पुन्हा माझ्याकडे काही विचारायला येईल असे मला वाटले होते. आली नाही.

यंत्राने मला फसवले नाही. तासांची बेरीज मागणाऱ्यांनी थोडे फसवले, उरलेले मी. धडा पाहिला की नाही हे यंत्राला कळते. कोणी पाहिला हे कळत नाही. वडिलांच्या खोडलेल्या कागदात ते कळत असे.

म्हणून विश्वस्तांपुढे एक मागणे ठेवतो. या सभागृहात रविवारी सकाळी दोन तास, इंटरनेट आणि चार खुर्च्या द्याव्यात. आपली मुले-मुली ज्येष्ठ नोकरदारांच्या शेजारी बसतील. मोबाइल मात्र शिकणाऱ्याच्याच हातात राहील. पहिल्या रविवारी पुतण्याला घेऊन मी येतो, चहाचे माझ्याकडे.