घरातली मारझोड ही फक्त घरची गोष्ट नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याशी मैत्रिणीच्या, बरोबरीच्या नात्याने वागावे, त्याची गुलाम होऊ नये, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. आज आपल्या वस्तीत किती घरांत ही बरोबरी आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

अंगावर वळ उठले तरच छळ, असे आपण समजतो. पण कापूस वेचून आणलेली मजुरी हिसकावणे, माहेरी जाऊ न देणे, चारचौघांत आईबापावरून शिव्या देणे, मुलगी झाली म्हणून टोचून बोलणे, मनाविरुद्ध जबरदस्ती करणे, घराबाहेर काढीन म्हणून धमकावणे, हाही छळच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हे सारे येते. बायकोच नव्हे, तर घरातली आई, बहीण, लेकसुद्धा त्याखाली दाद मागू शकते.

लोक म्हणतात, "दारूमुळे होते हो, माणूस तसा चांगला आहे." मग तो पिऊन मालकाला का मारत नाही? घरी येऊन बायकोलाच का मारतो? पंचशील रोज म्हणायचे आणि पाचवे शील उंबरठ्याबाहेर ठेवायचे, हे बरे नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याला पत्नीचा मान राखायला, तिचा अवमान न करायला आणि घरचा अधिकार तिच्या हाती द्यायला सांगितले आहे.

आता, बाई, तू काय करशील? आधी विश्वासाच्या एका माणसाला सांग. लागले असेल तर दवाखान्यात जा. पडले म्हणून सांगू नको, खरे सांग आणि कागद जपून ठेव. जीवावर बेतले तर ११२ लाव. महिला मदतीसाठी १८१ आहे. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात. यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. घर तुझ्या नावावर नसले तरी राहत्या घरातून तुला कोणी असेच हाकलू शकत नाही. मारहाण थांबवण्याचा आणि खर्चाचा आदेश कोर्ट देऊ शकते.

आणि शेजाऱ्यांनो, "त्यांच्या घरचे भांडण, आपण कशाला पडा," असे म्हणू नका. संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर त्यासाठी कसलीही कारवाई होत नाही, असे कायदाच सांगतो. भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले तर निदान दार वाजवा. दोघी-चौघी मिळून जा. दुसऱ्या दिवशी त्या बाईला एकटीला गाठून विचारा. तिला "सहन कर, लेकराकडे पाहा" म्हणून परत पाठवू नका. ते लेकरूही सारे पाहतच असते.

महिला मंडळाने दर पौर्णिमेला वंदनेनंतर थोडा वेळ अशा बहिणींसाठी ठेवावा, एवढी विनंती करून मी थांबते.

जयभीम! नमो बुद्धाय!