लहान मोटारगाडी आणि लिटरमागचे किलोमीटर



मोटारगाडी ही एके काळी श्रीमंतीची खूण मानली जात असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही लहान गाडी भारतीय रस्त्यांवर आली आणि ही समजूत हळूहळू मागे पडली. शिक्षक, कारकून, दुकानदार, बागायतदार अशा मध्यम प्राप्तीच्या कुटुंबांच्या अंगणातही गाडी उभी राहू लागली. अवघ्या ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन असलेल्या त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि तिची जागा इतर लहान गाड्यांनी घेतली. परंतु गाडी घेताना विचारला जाणारा पहिला प्रश्न आजही तोच आहे : एका लिटरला किती किलोमीटर जाते?

या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकात छापलेले असते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र ते क्वचितच खरे ठरते. दोन-तीन महिन्यांत मालकाच्या मनात संशय उत्पन्न होतो. कोणी पंपावरील मापाला दोष देतो, कोणी मेकॅनिकला, तर कोणी गाडी बनविणाऱ्यांना. पुष्कळदा यांपैकी कोणाचाच दोष नसतो. पत्रकातील आणि रस्त्यावरील आकड्यांत अंतर का पडते, आणि ते कमी करणे चालकाच्या हाती कितपत असते, हे समजून घेतल्यास पैसा वाचतो, आणि बचतीच्या भ्रामक कल्पनांपायी ओढवणारे अपघातही टळतात.

पत्रकातील आकडा

नव्या गाडीची इंधन-चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थेत होते. गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रोलरवर फिरतात. भारतात रूढ झालेल्या चाचणीक्रमात सुमारे २० मिनिटे ठरावीक रीतीने वेग वाढविला व कमी केला जातो. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. ही चाचणी खोटी नव्हे. सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात हा तिचा हेतू, आणि तो सफल होतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो आकडा उपयोगी आहे. पण त्या रोलरवर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची गर्दी नसते, आषाढातला पाऊस नसतो आणि चोर्ल्याचा चढही नसतो. म्हणून घरखर्चाचा अंदाज त्या आकड्यावर बांधू नये.

आधी मोजमाप

खरा आकडा ज्याचा त्यानेच काढावयाचा असतो, आणि त्यासाठी एक लहानशी वही पुरेशी आहे. टाकी पूर्ण भरावी; नळी आपोआप बंद झाली की थांबावे आणि किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. मधल्या काळात गाडी ४३२ किलोमीटर चालली असेल आणि २४ लिटर पेट्रोल मावले असेल, तर एका लिटरमागे १८ किलोमीटर पडले. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल अधूनमधून घालणाऱ्याला हा हिशेब कधीच जुळविता येत नाही. एकाच वेळच्या आकड्यावरही विसंबू नये. नळी थोडी लवकर वा उशिरा बंद झाली तरी उत्तर बदलते. चार-पाच वेळांची सरासरी मात्र सहसा फसवीत नाही.

पेट्रोल जाते कोठे?

पेट्रोलमधील उष्णतेपैकी साधारणपणे पाव हिस्साच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता रेडिएटर आणि धूर यांच्या वाटे निघून जाते. इंजिनाच्या रचनेतच असलेली ही हानी चालक टाळू शकत नाही. त्याच्या हाती असतो तो उरलेला पाव हिस्सा, आणि त्याची सर्वांत मोठी उधळपट्टी ब्रेकमध्ये होते.

माणसांसह ९०० किलोग्रॅम वजनाची लहान गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते, ती पेट्रोल जाळूनच मिळालेली असते. ब्रेक दाबताच ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. गणित मांडले तर असे दिसते, की अशी गाडी सुमारे ६० वेळा त्या वेगास नेऊन पूर्ण थांबविली, की तेवढ्याच कामी एक लिटर पेट्रोल खर्ची पडते. गर्दीच्या रस्त्यावर रोज २० वेळा असा झपाटा घेऊन कचकन थांबणारा चालक दर तीन दिवसांनी एक लिटर पेट्रोल ब्रेकच्या स्वाधीन करतो.

यावरून काटकसरीचे पहिले सूत्र निघते : दृष्टी दूर ठेवावी. पुढचा सिग्नल तांबडा झालेला दिसतो, पुढे गतिरोधक आहे हे ठाऊक असते, किंवा रस्त्यावर गुरे उभी असतात. अशा वेळी अखेरपर्यंत अॅक्सिलरेटर दाबून मग ब्रेक मारण्यापेक्षा पाय आधीच काढून घ्यावा. गाडी आपल्याच वेगाने तेथवर पोहोचते. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखले तर हे सहज जमते आणि मागच्या आसनावरील वृद्धांना हिसकेही बसत नाहीत.

दुसरे सूत्र गिअरचे. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवणे हा अपव्यय होय. वेग मिळताच वरचा गिअर टाकावा. मात्र इंजिन धडधडू लागेल इतका लवकर टाकू नये. ते इंजिन दमल्याचे चिन्ह आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविणे, किंवा चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, यात पेट्रोल आणि क्लचप्लेट दोन्ही जळतात.

तिसरे सूत्र वेगाचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. लहान गाडी मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या आसपास सर्वांत कमी पेट्रोल घेते. तीस किलोमीटरच्या वाटेवर ताशी ६० ऐवजी ८० चा वेग ठेवल्यास फार तर साडेसात मिनिटे वाचतात. आणि वाटेत गावे, वळणे व चौक असले तर तेवढीही वाचत नाहीत.

घाटातील खोटी बचत

गोव्यातून बेळगावकडे चोर्ला घाटाने वा अनमोड घाटाने जाणाऱ्यांस एक गोष्ट परिचित आहे. चढावर पेट्रोल भराभर जाते. ९०० किलोग्रॅमची गाडी १०० मीटर उंचीवर नेण्यासच सुमारे १२० मिलिलिटर पेट्रोल लागते. परतीच्या उतारावर ते वसूल करावे, अशी इच्छा चालकाला होते. मग गाडी न्यूट्रल करून सोडून दिली जाते. कोणी तर इंजिनच बंद करतो. वडीलधाऱ्यांनी शिकविलेली युक्ती म्हणून ती अनेक घरांत अजूनही पाळली जाते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत या युक्तीने थोडे पेट्रोल वाचत असेल. पण २००० सालाच्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. या रचनेत गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर उतारावर इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवितात. चाकेच इंजिनाला फिरवीत राहतात. उलट गाडी न्यूट्रल केली, की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होते. म्हणजे ज्या कृतीला बचत समजले जाते, तिनेच खर्च वाढतो.

हे झाले पैशाचे. जिवाचा प्रश्न याहून मोठा आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य एक-दोन वेळा पाय दाबताच संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली गेल्यास ते अडकूनही बसते. समोर वळण आणि खाली दरी असता हे घडणे म्हणजे चमचाभर पेट्रोलासाठी साऱ्या कुटुंबाचे प्राण पणाला लावणे होय. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, साधारणपणे त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम नव्या गाडीलाही लागू आहे, आणि त्यातच खरी बचतही आहे.

उभ्या गाडीचा खर्च

इंजिन बंद करण्याची योग्य जागा वेगळी आहे. फेरीबोटीचा धक्का, रेल्वेचे फाटक, शाळेचे फाटक, दुकानापुढील थांबा, ही ती ठिकाणे. उभ्या गाडीचे लहान इंजिन तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल घेते. वातानुकूलन चालू असेल तर त्याहून अधिक. रोज १० मिनिटे याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस इंजिन उगीच चालू राहिले, तर ५० तास होतात आणि २५ लिटर पेट्रोल जाते. सकाळी इंजिन तापविण्यासाठी पाच-दहा मिनिटे उभे राहण्याचीही आता आवश्यकता नाही. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश जावे.

थंड इंजिन अधिक पेट्रोल घेते. म्हणून सकाळी दूध, दहा वाजता टपाल आणि बाराला बाजार अशा तीन फेऱ्यांपेक्षा तीन कामांची एकच फेरी स्वस्त पडते. अर्ध्या किलोमीटरवरच्या कामासाठी तर पायांहून किफायतशीर वाहन नाही.

गाडीची निगा

निगेत पहिला मान टायरचा. हवा कमी असलेला टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनावरील ओझे वाढवितो. हवा किती असावी हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. बचतीच्या लोभाने नेमून दिल्यापेक्षा अधिक हवा भरू नये. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तशा टायरची पकड सुटते.

खाणपट्ट्यातून वा मातीच्या रस्त्याने नित्य जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लाल धुळीने लवकर भरतो. तो वेळेपूर्वीच पाहावा. प्लग, इंजिन ऑइल आणि चाकांचे अलाइनमेंट यांकडे पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत लक्ष द्यावे. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घालावे. हाताने फिरविले असता चाक जड वाटले, तर ब्रेक घासत असल्याची शंका घ्यावी. टपावरील रिकामे कॅरिअर वारा अडविते. ते काम झाल्यावर उतरवून ठेवावे. डिकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या सामानाचे भाडे रोज पेट्रोलात भरावे लागते.

वातानुकूलनाबाबत तारतम्य हवे. गावातल्या संथ गतीत काचा उघडणे स्वस्त. महामार्गावर उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो, तेथे काचा लावणेच बरे. उन्हात तापलेल्या गाडीतील गरम हवा आधी दारे उघडून जाऊ द्यावी आणि मगच यंत्र सुरू करावे.

वहीतील आकडा अलीकडे थोडा घसरला असेल, तर त्याचे आणखी एक कारण आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलहून सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. तेवढी घट मेकॅनिकच्या माथी मारू नये. जुन्या गाडीला हे मिश्रण चालते की नाही, हे मात्र पुस्तिकेत पाहावे किंवा अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारावे.

थेंबांचा हिशेब

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत सुमारे चौपट झाली, तेव्हा तेल आयात करणाऱ्या देशांना या द्रव्याचे मोल प्रथमच तीव्रतेने जाणवले. १९७८ मध्ये इंधन-बचतीच्या प्रसारासाठी पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आजही देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचे दर पाचांतील चारांहून अधिक पिंप परदेशांतून येते.

देशाचा हा हिशेब घरच्या हिशेबाहून वेगळा नाही. एखाद्या शिक्षकाची शाळेची वाट जाऊन-येऊन ४५ किलोमीटर आहे आणि महिन्यात २४ दिवस त्याला जावे लागते असे समजू. महिन्याचे १,०८० किलोमीटर झाले. लिटरमागे १५ किलोमीटर पडत असतील तर ७२ लिटर लागतील. १८ पडू लागले तर ६०. महिन्याला १२ आणि वर्षाला १४४ लिटर वाचले. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ध्यानात घेतल्यास तीनशे किलोग्रॅमहून अधिक धूरही टळला.

ही बचत घडविण्यासाठी पंपाच्या आसपास विकली जाणारी चुंबके, गोळ्या आणि चूर्णे लागत नाहीत. रोजची वाट तीच राहते, गाडीही तीच राहते. बदलतो तो चालकाचा उजवा पाय आणि त्याची दृष्टी. संयमाने चालविणाऱ्याचे पेट्रोल वाचते, टायर व ब्रेक अधिक टिकतात, आणि घाटाच्या वळणावर त्याचे चाकावरील नियंत्रण सुटत नाही. उद्या सकाळी टाकी भरताना वहीत पहिला आकडा लिहिला, तर पुढच्या महिन्याच्या अखेरीस आपल्या पायाने काय मिळविले, हे तीच वही त्याला दाखवील.