बर्फावरचा शेजारधर्म

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी येते, नाहीतर उन्हाळ्यात सरबताच्या पेल्यात तरंगणारे खडे येतात. त्या बर्फावर माणसाने उभे राहावे, आणि नुसते उभे न राहता तासाला बेचाळीस किलोमीटरच्या वेगाने धावावे, ही कल्पना आपल्याला काहीशी अद्भुत वाटल्यावाचून राहत नाही. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो असाच आहे. त्याचे नाव शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. आखूड रिंगणातील बर्फावरची शर्यत, असे आपण त्याला म्हणू. त्यातही स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे मी आपले लक्ष वेधणार आहे, कारण या स्पर्धांच्या इतिहासात मला केवळ विजयाची नव्हे, तर माणसाने माणसाशी कसे वागावे याची कथा दिसते.

बर्फावरच्या शर्यतींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ४०० मीटरचे मोठे रिंगण असते. दोघीजणी आपापल्या आखलेल्या मार्गाने धावतात आणि खरी झुंज असते ती घड्याळाशी. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आपल्या आजच्या खेळात, रिंगण अवघे १११.१२ मीटरचे असते. साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद अशा बर्फाच्या चौकात ते मावते. त्यात चार-पाच, कधी सहा-सात स्पर्धक एकाच वेळी सुटतात. कोणालाही स्वतंत्र मार्ग नाही. पायांतील पाती डाव्या बाजूला किंचित सरकवून बसवलेली असतात, कारण सारी वळणे डावीकडचीच. वळणावर शरीर इतके कलते की डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकवावी लागतात, आणि त्यासाठी हातमोज्यांच्या टोकांना कठीण टोपणे लावलेली असतात. डोक्याला शिरस्त्राण, गळ्याला पट्टा, भिंतींना जाड गाद्या. एवढा बंदोबस्त असूनही पडणे हे नित्याचेच.

येथे घड्याळाला दुय्यम स्थान आहे. रेषा प्रथम कोण ओलांडते एवढेच पाहिले जाते. जी पुढे असते तिला वारा कापावा लागतो. मागची तिच्या आडोशाने आपले बळ राखते. म्हणून पुढची मागे वळून पाहते, मागची फट शोधते, आणि फट मिळताच आत शिरते. या शिरण्यात स्पर्श होतो. तो स्पर्श सहज झाला की अडथळा म्हणून केला, हे पंच चित्रफीत पुनःपुन्हा पाहून ठरवतात, आणि दोष आढळल्यास रेषा दुसऱ्या क्रमांकाने ओलांडलेली मुलगीही बाद होते. तेव्हा या खेळात शेजारीण ही आडोसा असते, अडसर असते, आणि क्षणात संकटही असते.

हा खेळ १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम केवळ प्रदर्शनार्थ दाखवला गेला, आणि १९९२ पासून त्याला पदकांचा मान मिळाला. त्या वर्षी स्त्रियांची ५०० मीटरची पहिली शर्यत अमेरिकेच्या कॅथी टर्नरने जिंकली. १९९४ साली तिनेच पुन्हा जिंकली; पण तिने शर्यतीत आपला पाय धरला असा चीनच्या झांग यानमेईचा आक्षेप होता, आणि रौप्यपदकाची मानकरी असूनही ती पुष्पगुच्छ फेकून मंचावरून निघून गेली. त्याच वर्षी कोरियाच्या विजयी संघात किम युन-मी नावाची अवघी तेरा वर्षांची मुलगी होती. २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे यांग यांगने ५०० मीटरची शर्यत जिंकली. हिवाळी ऑलिंपिकमधील चीनचे ते पहिलेच सुवर्णपदक. एका छोट्या रिंगणाने मोठमोठ्या राष्ट्रांची मान उंचावली ती अशी, आणि ती मुलींनी उंचावली.

परंतु या रिंगणात गुणाला नेहमीच न्याय मिळतो काय? २०१४ साली सोची येथे ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत चौघीजणी होत्या. ब्रिटनची एलिझ ख्रिस्ती, इटलीची आरियाना फोंताना आणि कोरियाची पार्क सुंग-ही या तिघी एकमेकींत गुंतून पडल्या. सर्वांत मागे असलेली चीनची ली जियानरौ सुखरूप निसटली आणि सुवर्णपदकाची धनीण झाली. पार्क उठताना घाईने पुन्हा घसरली. ख्रिस्तीला बाद ठरवण्यात आले, आणि घरी बसलेल्या अनोळखी माणसांनी तिला ठार मारण्याच्या धमक्या पाठवल्या. पडली ती, आणि अपराधीही तीच!

याच प्रकाराची पुनरावृत्ती २०१८ साली दक्षिण कोरियातील कांगनुंग येथे झाली. प्यॉंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमधील या शर्यती तेथे भरल्या होत्या. यजमान देशाचे डोळे चोई मिन-जंग या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे लागले होते. ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तिने व फोंतानाने रेषा जवळजवळ एकदमच ओलांडली. छायाचित्र पाहून फोंतानाला पहिली ठरवण्यात आले. पण पाठोपाठ पंचांचा दुसरा निर्णय आला: कॅनडाच्या किम बूतां हिला अडथळा केल्याबद्दल चोई बाद. चौथी आलेली बूतां अशा रीतीने कांस्यपदकाची मानकरी झाली. निर्णय पंचांचा, पण राग निघाला तो बूतांवर. तिलाही धमक्या आल्या, आणि पदक स्वीकारताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. चोई मात्र चारच दिवसांनी १५०० मीटरच्या शर्यतीत उतरली. अखेरच्या फेऱ्यांत आत घुसून कोणाला स्पर्श करण्याऐवजी तिने बाहेरचा लांबचा मार्ग धरला आणि साऱ्यांना मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. बूतां त्याही शर्यतीत तिसरी आली. एका मंचावर त्या दोघी उभ्या राहिल्या, हे त्या धमक्या देणाऱ्यांनी पाहिले असेल अशी आशा करू या.

आता सांघिक शर्यतीकडे वळू. ती ३००० मीटरची, म्हणजे सत्तावीस फेऱ्यांची असते. संघात चौघी असतात. ही शर्यत पाहताना मराठी माणसाला आपल्या खो-खोची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. धावून थकलेली मुलगी पुढे वाकून बसलेल्या सोबतिणीला मागून दोन्ही हातांनी जोराने लोटते, आणि आपला सारा वेग तिच्या अंगात घालते. वैयक्तिक शर्यतीत जो स्पर्श दोषास्पद, तोच येथे विजयाचा आधार होतो.

कांगनुंगच्या उपांत्य शर्यतीत आरंभीच कोरियाची सोळा वर्षांची ली यू-बिन घसरून पडली. बाकीचे तीन संघ पुष्कळ पुढे निघून गेले. ठरलेल्या क्रमाने लोटणे आता शक्य नव्हते. बर्फावर आडव्या पडलेल्या त्या मुलीने हात लांब केला. चोईने तत्काळ येऊन त्या हाताला स्पर्श केला आणि ती धावत सुटली. उरलेल्या वीसहून अधिक फेऱ्यांत त्या चौघींनी हळूहळू अंतर तोडले आणि शर्यत प्रथम क्रमांकाने संपवली. तीही ४ मिनिटे ६.३८७ सेकंदांत, म्हणजे ऑलिंपिकच्या नव्या विक्रमासह! पुढे अंतिम शर्यतही त्यांनीच जिंकली. त्या दिवशी आणखी एक नवल घडले. अंतिम फेरी हुकलेल्या संघांच्या दुय्यम शर्यतीत नेदरलँड्सच्या मुलींनी जागतिक विक्रम केला, आणि मुख्य शर्यतीतील चीन व कॅनडा हे दोन्ही संघ बाद झाल्यामुळे कांस्यपदक त्यांना मिळाले. सर्वांत वेगवान संघ तिसरा! घड्याळाला येथे दुय्यम स्थान आहे असे मी म्हणालो ते याचसाठी.

या उजेडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरियाच्या त्या विजयी संघात शिम सक-ही होती. ऑलिंपिकच्या आदल्याच महिन्यात तिला तिच्या प्रशिक्षकाने मारहाण केल्याचे उघडकीस आले होते. २०१९ च्या जानेवारीत तिने जाहीरपणे सांगितले की, याच माणसाने आपण अल्पवयीन असल्यापासून वर्षानुवर्षे आपल्यावर लैंगिक अत्याचार केले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दीर्घ कारावासाची शिक्षा दिली. जिच्या पदकांवर राष्ट्र टाळ्या वाजवत होते, तिच्या दुःखाची वार्ता त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना नव्हती. आपल्याही मुली मैदानावर जातात, आणि जाव्यात. पण मुलीने पदक आणले काय, हे विचारण्यापूर्वी ती तेथे सुरक्षित आहे काय, हे आईबापांनी विचारले पाहिजे, आणि ती सांगू लागली तर ऐकून घेतले पाहिजे.

शेवटी एकच प्रसंग सांगतो. कांगनुंगला कांस्यपदक मिळवणाऱ्या डच संघात लारा फान रायव्हन ही मुलगी होती. २०१९ साली ती ५०० मीटरची जगज्जेती झाली. २०२० च्या जुलैत फ्रान्समध्ये सरावाच्या शिबिरात असताना ती आजारी पडली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तली. दीड वर्षाने, २०२२ च्या फेब्रुवारीत, बीजिंगला सुझान शुल्टिंग, यारा फान केरकोफ, सेल्मा पौत्समा आणि झांड्रा फेल्झेबूर या चौघींनी सांघिक शर्यत जिंकली. विजयमंचावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी आपल्या गेलेल्या सोबतिणीचे स्मरण केले.

त्याच बीजिंगमध्ये फोंतानाने ५०० मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. पंधराव्या वर्षी पहिले ऑलिंपिक पदक मिळवलेल्या या मुलीला याच एका शर्यतीत २०१० साली कांस्य, २०१४ साली रौप्य, आणि मग २०१८ व २०२२ साली सुवर्ण मिळाले. चोई १००० मीटरच्या शर्यतीत थोडक्यात दुसरी आली, ढसाढसा रडली, आणि पाच दिवसांनी १५०० मीटरची शर्यत पुन्हा जिंकून हसली. त्या शर्यतीत दुसरी फोंताना होती व तिसरी शुल्टिंग.

श्रोतेहो, एवढ्याशा रिंगणात इतक्या वेगाने धावताना दुसऱ्याचा धक्का लागणारच, आणि कधी आपलाही दुसऱ्याला लागणार. आपले संसार, आपल्या कचेऱ्या, आपली गावे यांची रिंगणे काही फार मोठी नाहीत. कोण पडेल हे आपल्या हाती नसते. पडलेल्याला शिव्या द्यायच्या की त्याने पुढे केलेल्या हाताला आपला हात लावून उरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायच्या, एवढे मात्र निश्चित आपल्या हाती असते. कांगनुंगच्या त्या सोळा वर्षांच्या मुलीला हात लांब करण्याचे सुचले, आणि दुसरीला तो घेण्याचे. माझ्या मते त्या ऑलिंपिकमधील खरा विक्रम तोच होता.