जादा वजनाचा हिशेब
(नरपड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



८ जानेवारी १९९६ रोजी तेव्हाच्या झैरे देशाच्या राजधानीत, किन्शासा येथे, एक मालवाहू विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर धावू लागले. ते अँटोनोव्ह-३२ जातीचे होते आणि त्यात क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेला होता. विमान जितके जड, तितका अधिक वेग आणि तितकी लांब धाव त्याला लागते. येथे धावपट्टी संपली, विमान मात्र उचलले गेले नाही. ते लगतच्या भर बाजारात घुसले. दोनशेहून अधिक माणसे जागच्या जागी मेली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच फार होती. विमानातले बहुतेक कर्मचारी वाचले.

या घटनेला अपघात म्हणावे काय? मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले; त्या शास्त्राच्या भाषेत सांगतो. विमान निघणारच असेल, तर त्यात आणखी एक टन माल टाकण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. भाडे मात्र पुरते मिळते. म्हणजे जादा वजन हा सर्वांत स्वस्त नफा होय. त्याची खरी किंमत मालकाच्या वहीत कोठेच नोंदली जात नाही. ती भाजी विकणाऱ्या बाईच्या नावावर पडते. या व्यवहारात ना तिला कोणी विचारलेले असते, ना तिला त्यातला छदाम मिळणार असतो.

किन्शासा दूर आहे असे समजू नका. १३ जानेवारी २०१८ रोजी आपल्या डहाणूच्या किनाऱ्याजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडून मेल्या. बोटीत गर्दी होती, जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे तेव्हाच्या वृत्तांत आले. मुलांना वाचवायला धावले त्यांत येथलेच मच्छीमार होते.

होडी किती बुडाली म्हणजे पुरे, हे तांडेलाला शिकवावे लागत नाही. मग ज्ञान असूनही ओझे का वाढते? कारण जाणणारा एक आणि ठरवणारा दुसरा असतो. पगारावरचा माणूस ‘नाही’ म्हणाला, तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा राहतो.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात मालक जुनी जहाजे विम्याच्या भरवशावर ठासून भरत. जहाज बुडाले तर विमा मिळे; खलाशांच्या घरी मात्र आकांत होई. सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवले. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. पण रेषा कोठे काढायची हे मालकावरच सोडले होते! ती जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडले. यातला धडा स्पष्ट आहे : मर्यादा आखण्याचे काम ज्याला नफा आहे त्याच्या हाती देता कामा नये.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक बोटीवर माणसांचा आकडा आणि भाररेषा काठावरून दिसेल अशी असावी. ती ओलांडली जात असता निघायला नकार देणाऱ्या कामगाराची नोकरी कायद्याने सुरक्षित असावी. आणि दंड तांडेलाआधी मालकाला व्हावा.

एवढ्याने सगळे संकट टळेल असे मी म्हणत नाही. पण जादा वजनाचा हिशेब निदान ज्याचा त्याच्या वहीत लिहिला जाईल.