नांगर, वाडी आणि वसतिगृह

नवी वस्तू कल्पक मनुष्याच्या डोक्यात जन्मास येते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु कल्पना सुचणे आणि ती रुजणे यांत बी पेरणे व पीक हाती येणे याइतके अंतर आहे. जमीन चांगली नसेल तर उत्तम बीही कुजून जाते. कारखाना असो वा विद्यालय, तेथील रीतभात ही त्या संस्थेची जमीन होय; आणि तिची मशागत करण्याचे काम संस्थेच्या प्रमुखाचे. सातारा-सांगली भागात याची दोन बोलकी उदाहरणे घडली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले. पुढे बेळगावास बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली. इतक्या अवधीत एखादा धंदेवाईक हात झाडून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणविले नाही. आपला नांगर उपयुक्त आहे हे सिद्ध करण्याचा भार त्यांनी स्वतःकडे घेतला.

पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि साप यांच्या त्या ओसाड माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते.

तेथे जमलेली माणसे कशी होती? परीक्षेत नापास झालेले कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रकार ठरले. कारकून म्हणून आलेल्या मंगेशराव रेग्यांनी हिशेबाची सारी बाजू सांभाळली. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्यांना पहारेकरी नेमले गेले, आणि वस्तीत अस्पृश्यतेस थारा दिला गेला नाही. दाखल्यावरून मनुष्याची किंमत ठरविणाऱ्या ठिकाणी ही माणसे दारातच अडली असती. ज्याला आपल्यावर विश्वास ठेवला गेल्याचे कळते, तो चुकण्याची भीती टाकून हातातील कामात सुधारणा शोधू लागतो. नांगरामागून भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप या वाडीतून बाहेर पडले, त्याचे मर्म येथे आहे.

याच नांगरांचा एक विक्रेता गावोगाव हिंडत असे. त्याचे नाव भाऊराव पाटील. शेतकऱ्याला अवजार दाखविताना त्याच्या घरातील निरक्षरता भाऊरावांच्या डोळ्यांसमोर सतत येत राहिली. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, स्वतः राबत आणि शिकत. गरिबाच्या मुलाने दानावर शिकावे हा जुना विचार. त्याने आपल्या श्रमावर शिकावे हा नवा. हा विचार टिकला, कारण ज्याने तो मांडला तो स्वतः मुलांच्या बरोबरीने कष्टत होता. वसतिगृहातील चूल आणि कुदळ यांनी जे शिकविले, ते नुसत्या व्याख्यानाने साधले नसते.

तथापि या कथेला एक कडू पान आहे. 1948 साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आगी लावण्यात आल्या. कुंपणाच्या आत माणुसकीची रीत कितीही रुजवली, तरी कुंपणाबाहेरचा समाज तसाच राहिला तर ती सुरक्षित नसते, हा त्या ज्वाळांचा धडा होय. कारखाना पुन्हा सुरू झाला, कारण इमारती जळाल्या तरी हातांतील कसब जळत नाही. पण वाडीची रीत वाडीबाहेर नेण्याचे जे काम भाऊरावांनी हाती घेतले होते, त्याचे मोल अशा वेळी अधिकच कळते.

तेव्हा एखाद्या संस्थेत नवे काही का घडत नाही, असा प्रश्न पडला तर प्रथम तिजोरी पाहू नये. तेथील सर्वांत धाकटा नोकर वरिष्ठांस "हे असे नको, तसे करून पाहू" असे निर्भयपणे म्हणू शकतो काय, हे पाहावे. आणि ती खटपट फसली तर तोटा कोण सोसतो, हेही विचारावे. प्रमुख स्वतः सोसत असेल, तर त्या माळावर आज ना उद्या पीक येईल.